हिवाळा सरताना ब्रिटनमधली रानअळंबी: आधी झाड, मग अळंबी, मग ठसा

फेब्रुवारी लागला की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो येतोच. ओल्या ओंडक्यावर केशरी टोप्यांचा झुपका, फोटो वरून काढलेला, खाली प्रश्न: "हे खायचं का?" एक जण होय म्हणतो, दुसरा "कुत्र्याच्या छत्र्या आहेत, टाकून दे" म्हणतो, तिसरा ॲपने दिलेलं नाव चिकटवतो. विचारायला हरकत काहीच नाही, पण तोवर अळंबी तोडून, दांडे काढून, धुऊन झालेली असते. ओळख पटवायला जे लागतं ते अर्धं रानात राहिलेलं असतं आणि अर्धं सिंकमधून वाहून गेलेलं असतं.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. आधी झाड ओळखायचं, मग त्यावरची अळंबी तपासायची, मग घरी बीजाणूंचा ठसा (टोपीतून रात्रभरात गळणारे बीजाणू कागदावर किंवा काचेवर जो रंग उमटवतात तो) घ्यायचा आणि त्यानंतरच कढईकडे वळायचं. यातला एकही टप्पा पुढे-मागे करायचा नाही.

व्याप्ती मुद्दाम लहान ठेवली आहे. इंग्लंड आणि वेल्समधली पानझडी रानं, साधारण जानेवारीअखेर ते मार्च, आणि तीनच अळंब्या: जेली इअर, वेल्व्हेट शँक, ऑयस्टर. तिन्ही लाकडावर वाढतात. जमिनीतून वर आलेलं काहीही, कितीही देखणं असलं तरी, या लेखात बसत नाही आणि तुमच्या टोपलीतही बसायला नको.

## टप्पा १: गावाकडची खात्री घरी ठेवा

कोकणात आषाढ-श्रावणात वारुळावर येणारी अळंबी तुमच्या आजीला अचूक ओळखता येत असेल. ते ज्ञान खरंच आहे, पण ते त्या मातीचं, त्या वाळवीचं, त्या महिन्याचं आहे. इथे ती वाळवी नाही आणि ती अळंबीही नाही. "आमच्याकडच्यासारखीच दिसते" हे वाक्य मनात आलं की हात मागे घ्या.

घरगुती परीक्षाही सोडून द्या. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण किंवा तांदळाचा रंग बदलणं, किड्यांनी किंवा गोगलगायींनी खाल्लेली असणं, यातल्या कशावरूनही विष आहे की नाही हे कळत नाही. सगळ्यात घातक समज म्हणजे "नीट शिजवलं की काही होत नाही". ज्या विषाची या मोसमात भीती आहे ते अमाटॉक्सिन उकळून, तळून, वाळवून, फ्रीझ करून जात नाही. चवही वाईट लागत नाही.

ॲपचा उपयोग एवढाच: पुढे कोणतं नाव तपासायचं याचा अंदाज. निर्णय ॲपवर सोडायचा नाही. पुस्तक घेताना लेखक कोण आहे ते पाहा, कारण २०२३ पासून यंत्राने लिहिलेली अळंबीची पुस्तकंही ऑनलाइन विकायला आलेली आहेत. ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी या अळंबी-बुरशीच्या अभ्यासकांच्या संस्थेशी जोडलेले स्थानिक गट ठिकठिकाणी आहेत. त्यांच्या फेऱ्या मुख्यतः शरदात असतात, पण काही गट हिवाळ्यातही निघतात. अशा एका फेरीत जे कळतं ते फोटो बघून कळत नाही.

## टप्पा २: जागा आणि परवानगी

इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या थेफ्ट ॲक्टप्रमाणे रानात आपोआप उगवलेली अळंबी स्वतःच्या खाण्यासाठी तोडणं ही चोरी ठरत नाही. विकण्यासाठी तोडली की ठरते. एवढं वाचून लोक निघतात आणि इथेच गफलत होते. चोरी नाही याचा अर्थ तिथे शिरायची परवानगी आहे असा नाही, आणि जागेचे स्वतःचे नियम वेगळे असतात.

रिचमंड पार्क, बुशी पार्क यांसारख्या रॉयल पार्क्समध्ये काहीही तोडायला मनाई आहे. एपिंग फॉरेस्टमध्ये अळंबी तोडायला बंदी आहे. न्यू फॉरेस्टमध्ये फॉरेस्ट्री इंग्लंड ही सरकारी वनसंस्था तोडू नका असं सांगते. निसर्गराखीव क्षेत्र आणि एसएसएसआय (शास्त्रीय महत्त्वामुळे संरक्षित) दर्जाची जागा असेल तर तिथे फक्त पाहायचं. स्कॉटलंडमध्ये हा कायदा लागू नाही, तिथले नियम वेगळे वाचा.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याला किंवा रानाच्या मालकाला विचारणं. कुंपणालगतच्या जुन्या एल्डरवरची जेली इअर तोडायला नाही म्हणणारे थोडेच.

तपासा: गेटवरचा फलक वाचला का? जागेच्या संकेतस्थळावर तोडण्याबद्दल काय लिहिलं आहे ते घरूनच पाहिलं का?

हमरस्त्याच्या कडेची, रेल्वेच्या जुन्या स्लीपरवरची, रंग किंवा रसायन लावलेल्या लाकडावरची अळंबी घेऊ नका. अळंबी जड धातू शोषून घेते. पायवाटेलगत गुडघ्याच्या उंचीखालचं काही घेऊ नका, त्याचं कारण कुत्रा फिरवणारे लोक सांगतील.

## टप्पा ३: सोबत काय न्यायचं

कागदी पिशव्या बऱ्याच आणि एक पसरट टोपली. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबीला घाम फुटतो आणि तासाभरात ती चिकट होते. दहापट भिंग हवंच, पुढे त्याचं काम आहे. एक छोटा आरसा घ्या, दाढीचा किंवा पर्समधला: तो ओंडक्याखाली धरला की तोडल्याशिवाय टोपीची खालची बाजू दिसते. पेन्सिल घ्या, कारण पावसात पेन चालत नाही.

सुरीबद्दल थोडं थांबून वाचा. ब्रिटनमध्ये सार्वजनिक जागी विनाकारण बाळगता येते ती फक्त मिटणारी, लॉक न होणारी आणि पातं तीन इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटीमीटरपेक्षा, जास्त नसलेली सुरी. अळंबीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक सुऱ्या लॉक होणाऱ्या असतात. त्या जवळ असल्या तर सबळ कारण तुम्हाला द्यावं लागतं, आणि रानातून परतताना सुपरमार्केटमध्ये ते कारण फार सबळ वाटत नाही. साधी, लॉक नसलेली घ्या. स्वयंपाकघरातली सुरी पिशवीत टाकून बसने जाऊ नका.

## टप्पा ४: दिवस निवडणं

सलग कडाक्याची थंडी संपून दोन-तीन दिवस तापमान शून्याच्या वर राहिलं आणि पाऊस झाला, की निघा. तिन्ही अळंब्या थंडी सोसतात. वेल्व्हेट शँक तर गोठते, वितळते आणि पुन्हा बीजाणू सोडायला लागते.

गोठलेल्या अवस्थेत मात्र ओळख पटवू नका. बर्फ धरलेली टोपी काचेसारखी आणि गडद दिसते, चिकटपणा कळत नाही, दांड्यावरची लव दबलेली असते. दुपारी वितळल्यावर पाहा. पुन्हापुन्हा गोठून मऊ, काळपट, आंबूस वासाची झालेली अळंबी जातीने कितीही खाण्यासारखी असली तरी ती सडकीच.

फेब्रुवारीच्या मध्यात लंडनकडे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दाट झाडीत त्याआधीच केशरी आणि तपकिरी यांतला फरक कळेनासा होतो. तीननंतर नवीन काही तोडू नका. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात रंग ठरवायचा नाही.

इशारा: वादळी वाऱ्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रानात जाऊ नका. ॲश डायबॅक हा रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळला. तेव्हापासून ॲशची झाडं मोठ्या प्रमाणात वाळली आहेत आणि वाळलेला ॲश ठिसूळ असतो. अळंबी शोधणाऱ्याची नजर खाली असते, फांदी वरून पडते.

## टप्पा ५: आधी झाड

हा टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात, कारण फेब्रुवारीत पानं नसतात आणि सगळी झाडं सारखीच वाटतात. खरं तर हिवाळ्यात झाड ओळखणं जास्त सोपं जातं, फक्त पानांऐवजी कळ्या आणि साल पाहायला लागते. एक संपूर्ण फेरी काहीही न तोडता फक्त झाडांसाठी करा. माझ्या मते ज्याला ही चार-पाच झाडं ओळखता येत नाहीत त्याने सुरी नेऊच नये.

एल्डर. मोठं झुडूप किंवा वेडंवाकडं छोटं झाड, कुंपणात, पडक्या घराशेजारी, सशांच्या बिळांजवळ. साल बुचासारखी, खोल चिरा पडलेली. बारीक फांदी मोडली की आत पांढरा, भुसभुशीत गाभा दिसतो, नखाने सहज उकरता येतो. कळ्या समोरासमोर जोडीने असतात आणि जानेवारी-फेब्रुवारीतच त्यांतून जांभळट-हिरवी पानं डोकावतात. फांद्या चुरगळल्या की वास नकोसा. एल्डरची पानं आणि काड्या विषारी आहेत, त्यामुळे अळंबीसोबत सालीचे तुकडे कढईत जाऊ देऊ नका.

ॲश. काळ्या, मखमली वाटणाऱ्या जाड कळ्या, समोरासमोर. इतक्या काळ्या कळ्या दुसऱ्या कुठल्या झाडाला नाहीत. गेल्या वर्षीच्या वाळक्या बियांचे घोस बऱ्याचदा लटकलेले असतात.

बीच. गुळगुळीत राखाडी खोड, लांब, बारीक, टोकदार तांबूस कळ्या. लहान झाडांवर वाळकी पानं वसंतापर्यंत टिकतात, खालीही तोच तांबूस सडा.

एल्म. कुंपणातली मनगटाएवढी किंवा थोडी जाड, उभ्या उभ्या मेलेली झाडं. डच एल्म रोगामुळे ती मोठी होऊच शकत नाहीत. सुटलेली साल सोलून आत पाहा: एका मधल्या खाचेतून दोन्ही बाजूंना पसरलेल्या बारीक रेघांची नक्षी दिसते. तो रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्याने आणि त्याच्या अळ्यांनी पोखरलेला मार्ग. ही नक्षी एकदा पाहिली की विसरत नाही, आणि वेल्व्हेट शँक शोधायला यापेक्षा चांगली खूण मला ठाऊक नाही.

सूचिपर्णी झाडं. पाइन, स्प्रूस, लार्च. यांच्या लाकडावरचं या मोसमात काहीही घ्यायचं नाही. कारण टप्पा ७ मध्ये येईल.

तपासा: साल गेलेला, शेवाळलेला, कुठल्या झाडाचा हे सांगता न येणारा ओंडका असेल तर त्यावरची अळंबी सोडून द्या. "बहुतेक बीच असावा" याला झाड ओळखणं म्हणत नाहीत.

## टप्पा ६: पहिली अळंबी जेली इअर

सुरुवात हिच्यापासून करा आणि शक्य असेल तर पहिला मोसम हिच्यावरच थांबा. हिला टोपी-दांडा नाही, टोपीखाली पापुद्रे नाहीत, त्यामुळे जिवावर बेतणाऱ्या जातींशी गल्लत व्हायला वाव कमी.

मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या एल्डरच्या फांद्यांवर, ३ ते ८ सेंटीमीटरचे तांबूस तपकिरी कान. बाहेरच्या बाजूला भिंगातून बारीक करडी लव दिसते, आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत, शिरा असलेली. उजेडासमोर धरली की आरपार प्रकाश येतो. दोन बोटांत दुमडा: कानाच्या पाळीसारखी दुमडते आणि सोडली की परत येते, तुटत नाही. कोरड्या हवेत ती आक्रसून काळी, कडक होते. पाऊस पडला की पुन्हा फुगते.

दुमडताना कट्टकन तुटली, किंवा जमिनीतून आलेली निघाली, तर ती दुसऱ्या गटातली तपकिरी वाटी आहे. काळी, बेढब, बारीक पुटकुळ्या असलेली जेली असेल तर तीही नाही. ही इतर झाडांवरही येते, पण पहिल्या वर्षी "एल्डरवर असेल तरच" हा नियम ठेवा.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. या गटातल्या अळंबीमुळे रक्त गोठायला वेळ लागू शकतो.

शेवाळलेल्या फांद्यांवर याच दिवसांत लालभडक वाट्या दिसतात, त्या स्कार्लेट एल्फ कप. त्यांना चव अशी काही नाही. फोटो काढा आणि पुढे चला.

## टप्पा ७: वेल्व्हेट शँक, आणि तिच्या शेजारी असू शकणारी दुसरी

ही खरी हिवाळ्याची अळंबी, आणि याच अळंबीपाशी घाई महागात पडते.

तिच्यासारखी दिसणारी गॅलेरिना मार्जिनाटा ही तपकिरी, लहान, लाकडावर झुपक्याने येणारी. तिच्यात तेच अमाटॉक्सिन असतं जे डेथ कॅप या कुप्रसिद्ध, जीवघेण्या अळंबीत असतं. ती शरदात जास्त दिसते, पण सौम्य हिवाळ्यात पुढेही टिकते. सूचिपर्णी लाकूड तिला आवडतं, मात्र पानझडी लाकडावरही येते. म्हणजे एकाच ओंडक्यावर दोन्ही असू शकतात. एक झुपका ओळखला म्हणून अख्खा ओंडका ओळखला असं होत नाही.

खालच्या सगळ्या खुणा जुळल्या तरच टोपलीत. पाचपैकी चार जुळल्या तर ती वेल्व्हेट शँक नाही असंच धरा.

१. ओळखलेल्या पानझडी झाडाच्या मेलेल्या लाकडावर, झुपक्याने. गवतातून आल्यासारखी दिसत असेल तर खाली गाडलेलं लाकूड असेलही, पण सोडा.

२. टोपी मधाळ पिवळी ते केशरी, मध्यभागी गडद, ओली असताना चकचकीत आणि बोटाला बुळबुळीत लागणारी.

३. टोपीखालचे पापुद्रे सायीच्या रंगाचे ते फिकट पिवळे. त्यांत तपकिरी किंवा गंजाची छटा नाही. पिवळ्यावर हिरवट झाक असेल तर ती सल्फर टफ्ट, विषारी आणि कडू, वर्षभर कधीही दिसणारी.

४. दांड्यावर कडं नाही आणि कड्याचा मागमूसही नाही. गॅलेरिनाला कडं असतं, पण पाऊस-थंडीने ते झडून जातं आणि नुसती एक पुसट रेघ उरते. भिंगाने पूर्ण दांडा फिरवून पाहा. कडं नसणं हा पुरावा म्हणून कच्चा, कडं असणं हा नकार म्हणून पक्का.

५. दांडा चिवट, वर फिकट पिवळसर आणि खाली बुडाकडे गडद तपकिरी ते काळा. काळ्या भागावर भिंगातून दाट, आखूड लव दिसली पाहिजे. नुसता गडद रंग पुरत नाही, गॅलेरिनाचा दांडाही खाली गडद होतो, पण तो तंतुमय असतो, मखमली नसतो. कोवळ्या वेल्व्हेट शँकच्या दांड्यावर रंग आणि लव नीट आलेली नसते. कोवळ्या घेऊ नका, त्या दोन आठवड्यांनी पाहा.

एक रानातली तपासणी सहसा कुणी करत नाही. झुपक्यात वरची टोपी खालच्या टोपीवर झुकलेली असते आणि तिचे बीजाणू खालचीवर सांडलेले असतात. खालच्या टोपीवर पिठासारखा पांढरा थर असेल तर ठीक, गंजाच्या रंगाची भुकटी असेल तर तिथेच थांबा आणि तो ओंडका सोडा. सांडलेलं काही दिसलंच नाही तर त्यावरून निष्कर्ष काढू नका, ते घरी ठरेल.

### ऑयस्टर

मेलेल्या बीचवर, एकावर एक रचलेल्या शिंपल्यांसारख्या टोप्या, ५ ते २० सेंटीमीटर, करड्या, निळसर करड्या किंवा फिकट तपकिरी. पांढरे पापुद्रे आखूड दांड्यावर खालपर्यंत उतरलेले. दुकानातली धिंगरी हीच किंवा हिची जवळची बहीण, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. दोन गोष्टी पाहा. तीन-चार सेंटीमीटरपेक्षा लहान, पापुद्रे तपकिरी होत जाणारी पंख्यासारखी अळंबी म्हणजे ऑयस्टर नाही. आणि सूचिपर्णी ओंडक्यावरची पातळ, शुभ्र पंखे असलेली एंजल्स विंग्ज मुळीच घेऊ नका: जपानमध्ये २००४ साली ती खाऊन अनेक जण दगावले, त्यांतल्या बऱ्याच जणांना आधीपासून मूत्रपिंडाचा आजार होता.

## टप्पा ८: तोडणं

तोडण्यापूर्वी चार फोटो: पूर्ण झाड किंवा ओंडका, झुपका बाजूने, टोपीची खालची बाजू, दांड्याचं बूड. हेच चार फोटो नंतर जाणकाराला आणि वेळ आली तर डॉक्टरांना उपयोगी पडतात.

दांडा बुडापासून, सालीचा छोटा कपचा घेऊन कापा. वेल्व्हेट शँकचा दांडा खायचा नसतो म्हणून रानातच टोप्या छाटून पिशवी भरणं ही फार नेहमीची चूक आहे. दांडा गेला की कडं गेलं, लव गेली, रंग गेला. घरी आणा, तिथे टाका.

एक झुपका, एक कागदी पिशवी. पिशवीवर झाडाचं नाव, जागा, तारीख. दोन ओंडक्यांवरची अळंबी एका पिशवीत गेली की दोन्ही संशयास्पद.

किती घ्यायची? वैयक्तिक वापरासाठी एका फेरीत दीड किलोपेक्षा जास्त नको असा इथला रूढ संकेत आहे. हिवाळ्यात तेवढी मिळणं अवघडच. एका जेवणापुरती घ्या आणि झुपक्यातली निम्मी राहू द्या.

## टप्पा ९: घरी निवडणं आणि ठसा

टेबलावर वर्तमानपत्र पसरा आणि पिशव्या एकेक करून उघडा. प्रत्येक अळंबी, खरोखर प्रत्येक, हातात घेऊन टप्पा ६ आणि ७ मधल्या तिच्या खुणा पुन्हा तपासा. तांदूळ निवडताना एखादा खडा राहिला तर दात दुखतो, इथे चूक दुरुस्त करायची संधी नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ढीग पुन्हा बघायला सांगा.

मग ठसा. जेली इअरला याची गरज नाही. वेल्व्हेट शँक आणि ऑयस्टरला आहेच.

१. प्रत्येक झुपक्यातून दोन-तीन पूर्ण उमललेल्या टोप्या निवडा. दांडा टोपीलगत कापा, पण तो फेकू नका, शेजारी ठेवा.

२. टोपी पापुद्रे खाली येतील अशी ठेवा. खाली काच, किंवा अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद. नुसत्या पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही आणि लोक "ठसा आलाच नाही" म्हणतात. ॲल्युमिनियम फॉइलही चालते.

३. टोपीवर पाण्याचा एक थेंब टाका आणि वर वाटी पालथी घाला. हिवाळ्यात रेडिएटर चालू असतो, उघडी टोपी दोन तासांत सुकते आणि बीजाणू सोडतच नाही. रेडिएटरपासून लांब, पण खोलीच्या तापमानाला ठेवा.

४. रात्रभर राहू द्या. थंडीत गोठून आलेल्या टोपीला जास्त वेळ लागतो.

५. सकाळी दिवसाच्या उजेडात पाहा. बीजाणू सुरीच्या टोकाने गोळा करून छोटा ढीग करा, रंग मग नीट कळतो.

वेल्व्हेट शँकचा ठसा पांढरा. ऑयस्टरचा पांढरा ते फिकट जांभळट करडा. गंजासारखा तपकिरी आला तर गॅलेरिना किंवा तिच्या जातकुळीतलं काही समजा, त्या ओंडक्यावरचं सगळं फेका आणि हात, सुरी, टेबल धुवा. जांभळट तपकिरी आला तर सल्फर टफ्टची शक्यता, तीही फेका.

इशारा: ठसा आला नाही याचा अर्थ पांढरा आला असा घ्यायचा नाही. ठसा नाही, तर जेवण नाही.

इशारा: उलट बाजूही लक्षात ठेवा. पांढरा ठसा म्हणजे खायला योग्य असं नाही. डेथ कॅपचाही ठसा पांढराच असतो. ठसा फक्त झाड आणि पाच खुणा जुळल्यावर शेवटची चाळणी म्हणून.

## टप्पा १०: शिजवणं आणि पहिला घास

यातलं काहीही कच्चं खायचं नाही. सॅलडमध्ये नाही, वरून पेरायला नाही.

जेली इअर धुऊन, सालीचे तुकडे काढून बारीक पट्ट्या करा आणि रश्शात किंवा सूपमध्ये १५ ते २० मिनिटं उकळा. तापलेल्या तेलात सरळ टाकली तर ती फुटून उडते, डोळ्यांपर्यंत. फोडणीची सवय असलेल्या हातांकडून हे हमखास होतं. स्वतःची चव फार नाही, रस धरून ठेवते, म्हणून पातळ आमटीत किंवा कोल्हापुरी रश्शात बरी लागते. उरलेली दोऱ्यात ओवून वाळवा.

वेल्व्हेट शँकचे दांडे काढा, टोपीवरचा बुळबुळीतपणा ओल्या फडक्याने पुसा. मंद आचेवर त्यांचं पाणी सुटून आटेपर्यंत, निदान १५ मिनिटं परता. ऑयस्टर हाताने फाडून तशीच.

पहिल्यांदा खाताना मसाला घालू नका. थोडं तेल, मीठ, बस. कडू किंवा विचित्र लागली तर कळायला हवं, आणि गोडा मसाला सगळं झाकतो. एका वेळी एकच नवी अळंबी, दोन चमचे. त्या दिवशी दारू नाही. पुढचे २४ तास नवीन काही खाऊ नका, म्हणजे पोट बिघडलं तर कशाने हे कळेल. चांगली अळंबीही एखाद्याला सोसत नाही.

न शिजवलेल्या दोन-तीन अळंब्या दांड्यासकट, कागदात गुंडाळून, नाव-तारीख लिहून फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवा. घरातल्या एकाने पहिल्या वेळी खाऊ नये. लहान मुलं, गरोदर बाई, घरातली वडीलधारी मंडळी, यकृत किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेले यांना देऊ नका. आणि कितीही खात्री असली तरी मंडळाच्या पॉटलकला नेऊ नका. तिथे कुणाला कसला आजार आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

## टप्पा ११: काही झालं तर

खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुतेक वेळा तो पोटाचा त्रास असतो, तरी १११ या एनएचएसच्या सल्ला क्रमांकाला फोन करून विचारा. सहा तासांनंतर किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, पोटात मुरडा सुरू झाला तर फोनवर वेळ न घालवता थेट ए अँड ई, म्हणजे रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग. शुद्ध हरपत असेल, उभं राहवत नसेल तर ९९९ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. अमाटॉक्सिनची लक्षणं साधारण ६ ते २४ तासांनी दिसतात, इतक्या उशिरा की लोक आदल्या रात्रीच्या भाजीवर संशयही घेत नाहीत.

त्याहून फसवा भाग पुढे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या थांबतात, माणूस चहा-बिस्किट मागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. याच काळात यकृत खराब होत असतं. बरं वाटतंय म्हणून दवाखाना टाळू नका आणि घरी निघून येऊ नका.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावू नका. घरगुती काढा देऊ नका. सोबत न्यायचं: फ्रीजमधल्या कच्च्या अळंब्या, उरलेली भाजी, कचऱ्यातले दांडे, ते चार फोटो. कागदावर लिहून न्या: किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, कुणी कुणी खाल्लं, त्रास किती वाजता सुरू झाला, आणि अळंबी कोणत्या झाडावरची होती. त्याच ताटातलं ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना घेऊन जा, त्रास नसला तरी. रिसेप्शनवर पहिल्याच वाक्यात "रानातली अळंबी खाल्ली आहे" हे सांगा, नुसतं "पोट बिघडलंय" म्हणून रांगेत बसू नका.